एका डोक्याचे चारशे डॉलर

प्रश्न : आमच्या बेसमेंटमध्ये नव्वद गॅलनची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. नुसते मासे होते तोवर माझी काही तक्रार नव्हती. गेल्या वर्षापासून नवऱ्याला कोरलचा, म्हणजे जिवंत प्रवाळांचा, नाद लागलाय. परवा त्याने 'होली ग्रेल टॉर्च' आणलं, एका डोक्याचे चारशे डॉलर. डोकं म्हणजे माझ्या अंगठ्याएवढा दगड आणि त्यावर झिरमिळ्या. दुकानाच्या फोटोत पिवळंधमक दिसत होतं, घरी सकाळी पाहिलं तर शेवाळी. आता पुढच्या यादीत एक 'बाउन्स मशरूम' आणि एक 'होमरेकर' आहे. नाव ऐकून मी गप्प बसले. त्याचं म्हणणं, ही गुंतवणूक आहे. वाढलं की तुकडे करून विकायचे, दोन वर्षांत टाकीचा खर्च वसूल. त्यासाठी आणलेली करवत माझ्या किचनच्या सिंकशेजारी पडून आहे. खरंच एवढी किंमत असते का या वस्तूंची? आणि पैसे परत येतात का?
— म. जो., एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : वहिनी, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे म्हणून आधी देतो. नाही येत. ज्यांचे येतात ते तुमच्या यजमानांच्या बरेच आधी रांगेत उभे होते, आणि आता त्यांचे पैसे वसूल करून देणाऱ्यांत तुमच्या यजमानांचा नंबर लागलाय.

पहिला प्रश्न जरा सोलून बघावा लागेल.

चारशेतले पन्नास-साठ डॉलर मीही मुकाट्याने देईन. टॉर्च, म्हणजे युफिलिया ग्लॅब्रेसेन्स, येतं इंडोनेशिया किंवा ऑस्ट्रेलियाकडून. प्रत्येक तुकडा वेगळ्या पिशवीत, पाण्यासकट, विमानाने. पाण्याचं वजन, त्याचं भाडं. वर सगळी कठीण कोरलं साइट्स (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या) कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात, त्यामुळे खेप निघताना परवाना लागतो आणि अमेरिकेत उतरली की फिश अँड वाइल्डलाइफ खात्याची तपासणी. वाटेत काही मरतात, दुकानात आल्यावर आणखी काही. उरलेल्यांना औषधी पाण्यात बुडवून, आठवडा-दोन आठवडे वेगळं ठेवून मग विकायचं. एवढं करून साधं हिरवं-तपकिरी टॉर्च कोणी पन्नासला दिलं तर तो लुटतोय असं मी म्हणणार नाही.

राहिले साडेतीनशे. ते रंगाचे, नावाचे आणि घाईचे.

रंगाचं आधी बघू, कारण तुमची तक्रार तिथेच आहे. या कोरलांच्या अंगात चमकणारी प्रथिनं असतात. निळा प्रकाश शोषतात आणि हिरवा, पिवळा, केशरी परत टाकतात. (याच कुळातलं लाल प्रथिन 1999 साली मॉस्कोतल्या शास्त्रज्ञांनी डिस्कोसोमा नावाच्या मशरूम कोरलमधून वेगळं केलं, आणि ते कोरल हौशी लोकांच्या टाक्यांत असतं त्यातलंच होतं. आज पेशी रंगवून पाहायला जगभरच्या प्रयोगशाळा त्याच प्रथिनाचे नातलग वापरतात. आमच्या छंदाच्या बाजूने बोलण्यासारखं आहे ते एवढंच, म्हणून सांगून घेतलं.) दुकानदार काय करतो, तर पांढरे दिवे बंद करून नुसते निळे ठेवतो आणि कॅमेऱ्यापुढे केशरी काच धरतो. निळा सगळा गाळला जातो, उरते फक्त चमक. फोटो खोटा नसतो. पण तुम्ही काही डोळ्यांवर केशरी काच बांधून बेसमेंटमध्ये वावरणार नाही. म्हणून यजमानांना सांगा, दुकानात गेलात की 'पांढरे दिवे लावा' म्हणायचं आणि काच काढून बघायचं. जो लावायला खळखळ करतो त्याच्याकडून काही घेऊ नये. तुमचं सकाळचं शेवाळी आणि रात्रीचं, निळ्या दिव्यांतलं सोनेरी, दोन्ही त्याच प्राण्याचे रंग आहेत. चारशे डॉलर मोजले ते रात्रीच्या रंगाचे.

नावाचं म्हणाल तर 'होली ग्रेल', 'ड्रॅगन सोल', 'वॉल्ट डिस्ने', 'होमरेकर', 'अटर केऑस' ही सगळी हौशी आणि व्यापारी लोकांनी ठेवलेली नावं. कुठे नोंद नाही, कोणी तपासत नाही. ज्याला ते नाव पहिल्यांदा पडलं त्या मूळ कोरलपासून आलेला तुकडा आणि गेल्या महिन्यात खेपेतून आलेला तसाच पिवळा तुकडा, दोन्हींच्या पाटीवर एकच नाव लिहिता येतं, आणि लिहिलं जातं. 'होमरेकर' हे अक्रोपोरा टेनुइस जातीचं कोरल. त्याच्यात तर रंग टिकवणं हीच कसोटी. पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट वाढले की तपकिरी पडतं, अगदी शून्यावर नेले की फिकट पडून मरायला टेकतं, दिवे बदलले की आणखी तिसराच रंग. म्हणजे नाव विकत घ्यायचं आणि रंग आपण घरी कमवायचा.

आता घाई. मे 2018 मध्ये इंडोनेशियाने कोरलची निर्यात बंद केली. टॉर्चचा मुख्य झरा तोच. 2020च्या सुरुवातीला पुन्हा परवानगी दिली ती फक्त शेती करून वाढवलेल्या कोरलांना. मधल्या काळात ज्यांच्याकडे आधीपासून रंगीत टॉर्च होती त्यांनी मागतील तो भाव घेतला. पाठोपाठ कोविड आला, लोक घरी बसले, टाक्या वाढल्या, रात्री थेट लिलाव सुरू झाले. एकेक डोकं, एकेक पॉलिप (कोरलमधला एकेक सुटा जीव), दोन मिनिटांचं घड्याळ लावून. त्या भावांची आठवण अजून बाजारात आहे. माल मात्र तेव्हाएवढा दुर्मिळ राहिलेला नाही.

राहणारही नाही, आणि का, ते तुमच्याच टाकीत दिसेल. टॉर्चच्या फांदीच्या टोकाला एक तोंड असतं, भोवती बोटभर शुंडा, प्रत्येकीच्या शेंड्याला मण्यासारखी गाठ. ते तोंड आधी लांबट होतं. मग मधे चिमटल्यासारखं दिसतं. काही आठवड्यांनी बघावं तर दोन तोंडं, आणि खालचा चुनखडीचा सांगाडाही इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगत वर आलेला. त्या खाचेत ओल्या पात्याची करवत घालायची, दोन फांद्या सुट्या करायच्या, सिरॅमिकच्या बटणावर जेल सुपरग्लूने बसवायच्या, झाले दोन फ्रॅग, म्हणजे विकायचे तुकडे. पाणी नीट असेल तर वर्षाला दुप्पट धरायला हरकत नाही. म्हणजे पाच वर्षांत एकाची बत्तीस. यजमानांच्या वहीत हिशेब इथे संपतो आणि छान दिसतो. पण तेच डोकं आणखी शंभर जणांनी घेतलंय. त्यातल्या निम्म्यांचं मेलं असं धरलं तरी सोळाशे डोकी, आणि विकत घेणारे कोण? ज्यांनाही तुकडे करून विकायचे आहेत तेच.

2010च्या आसपास आपल्याकडे इमूपालनाची लाट आली होती, आठवतं? पिल्लांच्या जोडीला हजारांत भाव, कारण घेणारा नवा इमूपालकच. मांस आणि तेल घेणारं गिऱ्हाईक शोधायची वेळ आली तेव्हा शेडं ओस पडली. कोरलला निदान शेवटी कोणीतरी बघायला म्हणून घेतं, पण तो माणूस चारशे देत नाही. झोआंचं, म्हणजे झोअँथिड नावाच्या मऊ, सांगाडा नसलेल्या कोरलच्या नातलगांचं, हे झालेलं आहेच. ज्या झोआ एका पॉलिपला शंभर-शंभर डॉलरला जायच्या, त्यातल्या कित्येक आज दहा-वीसला मिळतात, क्लबच्या अदलाबदलीत तर कोणी फुकटही देतं, कारण झोआ चटईसारख्या पसरतात. जितकं कोरल वाढायला सोपं, तितका भाव लवकर पडतो. आणि वाढायला अवघड असेल तर विकायला तुकडे होतच नाहीत. गुंतवणूकवाले या दोन वाक्यांतून सुटायची वाट अजून मला दाखवू शकलेले नाहीत.

अपवाद आहे, तो लपवत नाही. ऑस्ट्रेलियाची स्कॉली, होमोफिलिया ऑस्ट्रेलिस. एकच मोठं मांसल तोंड, बशीएवढं, लाल-हिरव्या पट्ट्यांचं. ती कापून वाढवायच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही, बहुतेक सगळी समुद्रातूनच काढलेली. तिचा भाव टिकतो. पण ती गेली की गेली, मागे तुकडा उरत नाही. त्या भावाने मला तरी ती घ्यावीशी वाटत नाही.

बाउन्स मशरूम, म्हणजे अंगावर फुगे येणारं मशरूम कोरल, घेऊ द्यायचंच असेल तर फुगे पुरते आलेलं घ्या. 'पुढे येतील' म्हणून विकलेल्या पिल्लांवर फुगे येतीलच असं नाही. टॉर्च घेताना एका डोक्यापेक्षा दोन-तीन डोक्यांचं, आणि 'कापून किती दिवस झाले' हे विचारून. ताज्या कापलेल्या टॉर्चला तपकिरी बुळबुळीत रोग लागला तर एक-दोन दिवसांत डोकं वितळून जातं, आणि शेजारच्यालाही घेऊन जातं. त्या चारशेचा विमा कोणी उतरवत नाही. हीटर अडकला, वादळात रात्रभर वीज गेली, क्षारता एकदम चढली, अशी टाकी मोकळी व्हायला हजार वाटा आहेत. तेव्हा बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आधी घ्या, होमरेकर नंतर.

एकदम बंदी मात्र घालू नका. महिन्याची रक्कम ठरवून द्या आणि एक अट : ज्या कोरलचं नाव आज गाजतंय ते दोन वर्षांनी घ्यायचं. तेव्हाही आवडत असेल तर खुशाल घ्यावं, स्वस्तही पडेल.

आणि ती करवत आजच्या आज किचनमधून हलवा. टॉर्च कापण्यात तसं काही नाही, पण हाच माणूस उद्या झोआ कापायला बसणार. झोआंत, विशेषतः त्यांच्यातल्या पॅलिथोआ या प्रकारात, पॅलिटॉक्सिन हे जबरदस्त विष असू शकतं. डोळ्यांत थेंब उडाला, बोटाला जखम असली, तरी निभत नाही. झोआ लागलेला खडक साफ करायला उकळत्या पाण्यात घातला आणि वाफेने अख्खं कुटुंब इस्पितळात गेलं, असं घडलेलं आहे. गॅरेज, हातमोजे, डोळ्यांना चश्मा, आणि भांडी-फडकी वेगळी. याबाबतीत नवऱ्याची समजूत काढत बसू नका, सरळ रागवा.

प्रश्न : अमेरिकेहून भाचा येतोय. त्याच्या टाकीतल्या टॉर्चचे दोन तुकडे बॅगेतून आणतो म्हणतो, इथे त्याला मोठी किंमत येते म्हणे. आणू देऊ का?
— वि. पा., ठाणे

उत्तर : मुळीच नको. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत 2001पासून सगळी प्रवाळभित्ती बांधणारी कठीण कोरलं, काळी कोरलं, अग्निकोरलं आणि समुद्रपंखे आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. टॉर्च कठीण कोरलांत मोडतं. भाच्याकडे साइट्सचा निर्यात परवाना नसणार, तुमच्याकडे आयातीची कागदपत्रं नसणार, आणि विमानतळावर पिशवी उघडली की मामा-भाचे दोघंही अडचणीत. मशरूम आणि झोआ साइट्समध्ये नाहीत हे खरं, तरी जिवंत प्राणी परवानगीशिवाय बॅगेतून आणता येत नाही. मालवणच्या किनाऱ्यावरून मेलेल्या कोरलचा तुकडा आठवण म्हणून खिशात टाकणंही याच कायद्यात बसतं, हे जाता जाता सांगतो.

खाऱ्या पाण्याची टाकी हवीच असेल तर क्लाउन मासे पाळा. ते टाकीत पैदास होतात, समुद्रातून काढावे लागत नाहीत. तुमच्या शेजारी ऐरोलीला किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातच त्यांची पैदास केली गेली आहे. एकदा जाऊन बघून या, भाच्यालाही न्या.