लोक काय म्हणतील, हे पुण्यात विचारूच नकोस

बाप्तिस्मा झाल्यापासून घरचे एक सांगतात, मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, दुसरंच, आणि तुझी मधल्यामध्ये ओढाताण. अरे, 1890 साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये नुसता चहा घेतला म्हणून रानडे-टिळकांवर ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार, आलं, त्या गावात आपण राहतो. बोलणारे बोलणारच.

पण म्हणून बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये 5:29, ‘माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे’, हातात धरून आईशी भांडू नकोस. येशूचा शिष्य पेत्र याने ते न्यायसभेपुढे म्हटलं, कारण येशूच्या नावाने शिकवायलाच बंदी घातली होती. गणपतीत मामाकडे बोलावणं आलं तर जा. आरतीला उभं राहायचं नसेल, तर मामीला आदल्या दिवशी फोन करून सांग. ऐनवेळी तोंड वाकडं करू नकोस. मग पंगतीत वाढायला घे. प्रसादाचा प्रश्न पडेलच, त्यासाठी मूर्तीला वाहिलेल्या अन्नाबद्दलचा 1 करिंथ 8 हा अध्याय सावकाश वाच.

मंडळीचा दबाव मात्र ओळखू येत नाही, कारण तो प्रार्थनेच्या भाषेत येतो. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, तेव्हा इकडचे लोक बिथरले. पण तिकडच्या धर्मभगिनी सांगतील ते मुकाट मान्य करणंही बाईंना जमलं नाही. शास्त्र स्वतः वाचून त्या प्रश्न विचारत राहिल्या.

तेव्हा ‘तू नोकरी सोडून मंडळीच्या सेवेत ये, देवाने मला दाखवलंय’ असं कुणी म्हणालं, तर ‘मलाही दाखवेल की’ म्हणायचं आणि हसायचं. बायबलच्या वचनाशी ताडून बघ, पाळकांशी बोल, घरभाड्याचा हिशोब मांड. राजीनामा लिहिलाच असशील तर महिनाभर तसाच ठेव.