वाचकांचे प्रश्न : थीम पार्कच्या हॉटेलात खोली केव्हा घ्यावी?

सुट्या जवळ आल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत प्रवासाची पत्रे वाढतात. या वेळी त्यांतली बरीच पत्रे थीम पार्कला लागून असलेल्या हॉटेलांच्या दरांविषयी निघाली, म्हणून त्यांतली चार एकत्र घेतली आहेत. मी बडोद्यात बावीस वर्षे लोकांच्या प्रवासाची आरक्षणे करून देतो आहे, आणि उत्तरे त्या कामाच्या अनुभवातूनच दिली आहेत.

प्रश्न : गेल्या दिवाळीत आम्ही दोन मुले आणि सासूबाईंना घेऊन एका थीम पार्कच्या हॉटेलात दोन रात्री राहिलो. खोलीला एका रात्रीचे १४,००० रुपये पडले. माझ्या जाऊबाई फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी तिथेच, त्याच प्रकारच्या खोलीत, ६,५०० रुपयांत राहून आल्या. खोली तीच, नाश्ता तोच. ही लूट नव्हे का? आणि याची तक्रार कुठे करता येते का?
– एक वाचक भगिनी, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : आपल्याला वाटलेला राग स्वाभाविक आहे, परंतु नुसत्या वाढीव दराची तक्रार टिकणार नाही. वेष्टनातल्या वस्तूवर कमाल किरकोळ किंमत छापलेली असते आणि त्याहून जास्त घेणे हा गुन्हा ठरतो. हॉटेलच्या खोलीला मात्र अशी मर्यादा नाही, तिचे भाडे मालक रोज बदलू शकतो. खंडेराव मार्केटात सकाळी चढ्या भावाने विकली जाणारी पालेभाजी संध्याकाळी निम्म्यावर येते, कारण उद्या तिला कोणी विचारणार नाही. खोलीचे तसेच आहे; किंबहुना खोली भाजीहूनही नाशवंत म्हटली पाहिजे, कारण मंगळवारची रात्र रिकामी गेली तर ती बुधवारी कोणत्याच भावाने विकता येत नाही. उलट बाजूने पाहिले, तर बंगळूरजवळ बिडदी येथे वंडरला पार्कचे जे रिसॉर्ट आहे त्यात ८४ खोल्या आहेत; दिवाळीत पाचशे कुटुंबे आली म्हणून त्यांची पंच्याऐंशीवी खोली होत नाही. मागणी वाढते आणि खोल्या तेवढ्याच राहतात, तेव्हा भाव चढतो. आपल्या रेल्वेनेही ९ सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, शताब्दी आणि दुरांतो गाड्यांना हेच तत्त्व लावले : जागा भरत जातात तसे भाडे वाढत जाते.

मात्र आपण दोन्ही बिले शेजारी शेजारी ठेवून करांच्या ओळी पाहाव्यात, असे मी आग्रहाने सांगेन. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के झाला आहे, त्यावरच्या खोलीवर तो १८ टक्केच आहे. जाऊबाईंना ६,५०० रुपयांवर ३२५ रुपये कर लागून ६,८२५ पडले असतील. आपल्याला १४,००० वर २,५२० रुपये कर लागून १६,५२० पडले असतील. म्हणजे भावातला फरक साडेसात हजारांचा आणि खिशातून गेलेला फरक ९,६९५ रुपयांचा.

खरी गंमत सीमेवरच्या खोल्यांची असते. ७,५०० रुपयांची खोली करासह ७,८७५ रुपयांना पडते. ७,६०० रुपयांची खोली ८,९६८ रुपयांना पडते. शंभर रुपयांच्या फरकासाठी आपण १,०९३ रुपये देतो. हा कर छापील दरावर नव्हे, तर प्रत्यक्ष आकारलेल्या रकमेवर ठरतो, त्यामुळे दर सीमेच्या थोडासाच वर दिसला तर सरळ फोन करून सवलत मागावी, किंवा पार्क दिसणाऱ्या खिडकीचा हट्ट सोडून मागच्या बाजूची खोली घ्यावी. माझ्या टेबलावरून हा फोन वर्षातून कितीदा तरी जातो आणि पुष्कळदा काम होते.

तक्रार करण्यासारख्या गोष्टी वेगळ्या आहेत. प्रथम एक दर दाखवून पैसे भरण्याच्या वेळी हळूच शुल्के वाढवणे, न मागितलेली सेवा यादीत घालणे, 'शेवटची एकच खोली शिल्लक' अशी खोटी घाई दाखवणे, या प्रकारांना ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी अनुचित ठरवले आहे. जेवणाच्या बिलात आपोआप सेवाशुल्क जोडणेही चालत नाही. असे काही घडले असेल तर पडद्यावरची चित्रे (स्क्रीनशॉट) जपून ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करावी.

प्रश्न : मी शाळेत शिक्षक आहे. मला सुटी मिळते ती मे महिन्यात आणि दिवाळीत, म्हणजे नेमकी महागाईच्या दिवसांत. खोपोलीच्या इमॅजिकाला जाण्याची मुलांची फार इच्छा आहे. या सुट्यांतही स्वस्त दिवस सापडतात का?
– एक वाचक, मांजलपूर, बडोदे

उत्तर : सापडतात, आणि या प्रश्नात सर्वांच्या उपयोगाचे पुष्कळ आहे म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. आपण आपल्या सुट्या पाहतो. हॉटेलचा दर मात्र ते हॉटेल ज्यांच्या येण्याने भरते त्यांच्या सुट्यांवर ठरतो. इमॅजिका २०१३ साली मुंबई–पुणे द्रुतगती मार्गालगत सुरू झाले, आणि त्याच्या आसपासची हॉटेले भरतात ती मुंबई, ठाणे आणि पुण्याच्या कुटुंबांनी. ही कुटुंबे शुक्रवारी संध्याकाळी निघतात, रविवारी संध्याकाळी घरी परततात. म्हणून तिथे महाग असतात त्या शुक्रवार आणि शनिवारच्या रात्री. रविवारची रात्र ही दिसायला सुटीची, पण हॉटेलच्या हिशेबात आडवाराची असते. बडोद्याहून शनिवारी रात्रीच्या गाडीने निघून रविवारी दुपारी खोली ताब्यात घ्यावी, मुलांना संध्याकाळी तरणतलावात खेळू द्यावे आणि सोमवारी सकाळी पार्कचे दार उघडताना रांगेत उभे राहावे. मे महिन्यातही या एका बदलाने दोन रात्रींचा खर्च बराच खाली येतो, आणि सोमवारी राइडच्या रांगाही आटोक्यात असतात.

दिवाळीत गुजरातच्या शाळांना तीन आठवड्यांची सुटी असते, हा आपला मोठा फायदा आहे. लक्ष्मीपूजनापासून लाभपाचमीपर्यंत, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीपर्यंत, गुजरातचे व्यापारी कुटुंबासह बाहेर असतात, मुंबईचेही असतात, आणि त्या पाच-सहा दिवसांत कोणत्याही पर्यटनस्थळी दर चढलेलेच मिळतील. लाभपाचमीला पेढ्या उघडतात आणि गर्दी एकदम ओसरते. तिथून देवदिवाळीपर्यंतच्या (इकडे ती कार्तिकी पौर्णिमेला) सोमवार ते गुरुवारच्या रात्री मी शिक्षकांना नेहमी सुचवतो. आपण मात्र सवयीने भाऊबीज आटोपली की लगेच निघतो आणि नेमके महागड्या दिवसांत जाऊन पडतो.

ज्यांना सुट्यांचे बंधन नाही त्यांनी भिंतीवरचे पंचांग पाहावे. हॉटेलचा हंगाम त्यात बराचसा वाचता येतो. पितृपक्षात लोक मौजेचा प्रवास टाळतात आणि लग्नेही नसतात. अशा हॉटेलांच्या खोल्या पुष्कळदा लग्नाच्या वऱ्हाडाने किंवा कंपन्यांच्या बैठकांनी भरतात, हे आपल्या लक्षात येत नाही. लग्नसराईत मधल्या वारीसुद्धा दर का चढले याचे उत्तर बहुधा तिथेच असते. धनुर्मासात, म्हणजे इकडच्या कमुरत्यात, १४ जानेवारीपर्यंत लग्ने थांबतात. त्यात नाताळ ते १ जानेवारी हा आठवडा वर्षातला सर्वांत महाग, पण त्यानंतरचे आठ-दहा दिवस खोल्या स्वस्त असतात आणि हवाही उत्तम असते. एक सावधगिरी सांगतो : डिसेंबर-जानेवारीत आडवारी शाळांच्या सहली बसगाड्या भरभरून येतात. या सहली संध्याकाळी परततात, त्यामुळे हॉटेल रिकामे आणि पार्क मात्र गजबजलेला, असे दिसते. खोली स्वस्त मिळाली म्हणजे पार्कही मोकळा मिळेल, असे धरून चालू नये.

पावसाळ्याला सरसकट मंदीचा काळ समजणेही चुकीचे. जुलै-ऑगस्टमध्ये खंडाळ्याचा घाट पाहायला शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची रीघ लागते आणि दर चढे राहतात. आडवारी मात्र ते पडतात. जोराचा पाऊस किंवा विजा असल्या की उघड्यावरच्या राइड थांबवतात, हे गृहीत धरूनच तो सौदा करावा. १५ ऑगस्ट किंवा २६ जानेवारी शुक्रवारी वा सोमवारी आली, तर ते तीन दिवस सोडूनच द्यावेत. नवरात्राविषयी काय लिहू? दसऱ्याची सुटी सोडली तर त्या दिवसांत खोपोलीकडे दर बरे असतात, पण गरबा सोडून बडोदे गावाबाहेर गेलेले मी तरी पाहिलेले नाही.

प्रश्न : मुलगा अटलांटाला असतो. नातू चार वर्षांचा आहे, अजून शाळेत जात नाही. ओरलँडोच्या डिस्ने वर्ल्डमध्ये सर्वांनी चार दिवस राहावे असा मुलाचा बेत आहे. आम्ही उभयता जुलै ते डिसेंबर तिकडे असू. कोणते दिवस निवडावेत?
– एक ज्येष्ठ दांपत्य, अलकापुरी, बडोदे

उत्तर : नातू शाळेत जात नाही ही आपल्या बेतातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे, कारण तिथलेही दर शाळांच्या सुट्यांवरच हलतात. फ्लोरिडाच्या शाळा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात उघडतात. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी कामगार दिनाची सुटी असते. ती संपली की महिनाअखेरपर्यंत खोल्यांचे दर वर्षातल्या सर्वांत खालच्या पायरीच्या आसपास असतात. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणारा थँक्सगिव्हिंगचा आठवडा आणि नाताळ ते नववर्ष हे दिवस टाळावेत.

परंतु सप्टेंबर स्वस्त का, हेही समजून घ्यावे. फ्लोरिडात १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ, आणि त्यात सप्टेंबर सर्वांत जोखमीचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये मिल्टन वादळामुळे डिस्ने वर्ल्डला पार्क बंद ठेवावे लागले होते. त्याखेरीज दमट उकाडा आणि दुपारचा गडगडाटी पाऊस आहेच. आपले वय लक्षात घेता मी सप्टेंबरपेक्षा थँक्सगिव्हिंगनंतरचे, म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातले मधले वार सुचवीन. दर थोडे जास्त पडतील, पण हवा सुखावह असेल आणि नातवाला नाताळची रोषणाईही दिसेल.

डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलांचे व्हॅल्यू, मॉडरेट आणि डिलक्स असे मुख्य स्तर आहेत, आणि हंगामाने दर बदलतो तो या प्रत्येक स्तरात. गर्दीच्या आठवड्यातले व्हॅल्यू हॉटेल मंदीतल्या मॉडरेट हॉटेलइतके महाग होऊ शकते, म्हणून मुलाने आधी तारीख ठरवावी आणि मग स्तर पाहावा. पार्कची तिकिटेही २०१८ पासून तारखेनुसार कमी-जास्त दराची आहेत, त्यामुळे खोली आणि तिकिटे मिळून चार दिवसांची एकूण रक्कम काढल्याखेरीज तुलना करू नये. त्या भागात खोलीवर साधारण १२.५ टक्के कर लागतो. बाहेरचे हॉटेल पाहिले, तर 'रिसॉर्ट शुल्क' आणि गाडी उभी करण्याचे शुल्क रोजच्या हिशेबाने धरावे. १२ मे २०२५ पासून अमेरिकेत असे सक्तीचे शुल्क पहिल्याच दरात दाखवणे हॉटेलांना बंधनकारक झाले आहे.

प्रश्न : खोली रद्द केल्यास पैसे परत न मिळणारा दर बराच कमी दिसतो. तो घ्यावा का? आणि सिंगापूरच्या युनिव्हर्सल स्टुडिओसाठी मे महिना कसा?
– एक वाचक, गोत्री, बडोदे

उत्तर : रेल्वेचे पक्के तिकीट हातात आल्याशिवाय असा दर मुळीच घेऊ नये. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते, आणि हॉटेले मात्र सहा महिने आधीच स्वस्त दर दाखवून मोहात पाडतात. कारेलीबागेतल्या एका कुटुंबाने माझे न ऐकता तसा दर घेतला. जुलैच्या पावसात त्यांची गाडीच रद्द झाली. रेल्वेने तिकिटाचे सगळे पैसे परत केले, हॉटेलने एक रुपयाही दिला नाही. त्या घरातल्या आजी माझ्या टेबलासमोर बसून ते कागद पुन्हा पुन्हा उलटून पाहत होत्या, ते मला विसरता येत नाही. आधी रद्द करता येणारी खोली घ्यावी, तिकीट पक्के झाल्यावर त्या दिवशीचा बिनपरतीचा दर पाहावा, आणि फरक पुरेसा असेल तरच खोली बदलावी.

सिंगापूरसाठी मेचा मधला काळ चांगला आहे. तिथल्या शाळांची सुटी मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला लागते. जपान आणि चीनमधल्या सुट्यांची गर्दी मेच्या पहिल्या आठवड्यात ओसरते. म्हणून १० ते २५ मेच्या दरम्यान, सोमवारी पोहोचून गुरुवारी परत निघता येईल असे विमान पाहावे.