बाह्यांबर : नेमके कशाच्या बाहेरचे?

प्रश्न असा : बुधाबद्दल कुठे 'विरळ वातावरण' लिहिलेले आढळते, कुठे 'बाह्यांबर'. बुधाला वातावरणाचे आतले थरच नाहीत, मग 'बाह्य' कशाच्या बाहेर? यातला कोणता शब्द वापरावा?

'बाह्यांबर' वापरावा. तपांबर, स्थितांबर, मध्यांबर या पृथ्वीच्या वातावरणातल्या थरांच्याच माळेतला तो शब्द (इंग्रजीत 'एक्झोस्फिअर'). अंबर म्हणजे आकाश आणि वस्त्रही (पीतांबर, दिगंबर आठवा), त्यामुळे ग्रहाने पांघरलेल्या थराला तो फार शोभतो. शंका मात्र रास्त आहे, कारण हे नाव पृथ्वी डोळ्यांपुढे ठेवून पडले. संज्ञेचा खरा अर्थ जागेवरून ठरत नाही, टकरींवरून ठरतो. जिथे अणू एकमेकांवर जवळपास आदळतच नाहीत, दगड फेकावा तसे उडतात आणि खाली पडतात किंवा कायमचे निसटतात, ते बाह्यांबर. पृथ्वीवर ते साधारण ५०० ते १,००० किमी उंचीवर सुरू होते, मंगळावर सुमारे २०० किमीवर. मंगळयानावरचे 'मेन्का' हे उपकरण तिथलेच अणू-रेणू तपासण्यासाठी होते. बुधावर आणि चंद्रावर ही सीमा थेट जमिनीला टेकते. तिथे 'पृष्ठलग्न बाह्यांबर' म्हटले की 'बाह्य'चा घोळ उरत नाही.

'विरळ वातावरण' मंगळासाठी राखून ठेवावे. तिथला दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी, तरी वारे वाहतात, धुळीची वादळे होतात. टकरीच नसतील तर वारा कसला? म्हणून बुधाच्या संदर्भात 'वारे' आणि 'हवा' दोन्ही टाळावेत.

'वायूंचे आवरण' हेही अपुरे. १९७४ साली मरिनर १० या यानाला हायड्रोजन आणि हेलियम सापडले, पण सोडियम १९८५ मध्ये पृथ्वीवरच्या दुर्बिणीतून दिसले आणि मॅग्नेशियम पुढे मेसेंजर यानाने शोधले. हे धातूंचे सुटे अणू आहेत. सूर्यप्रकाश, सौरवारा (सूर्यातून वाहणारे विद्युतभारित कण) आणि सूक्ष्म उल्कांच्या माऱ्याने ते जमिनीतून उडतात.

सर्वांत जास्त चूक होते ती 'मोजले' या क्रियापदात. वर्णपटमापी (प्रकाश रंगांत विभागून पाहणारे उपकरण) अणू मोजत नाही, दृष्टिरेषेत येणारा त्यांचा प्रकाश मोजतो. सोडियम ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर तरंगलांबीचा सूर्यप्रकाश शोषून पुन्हा फेकते, पण नेमक्या त्याच तरंगलांबींवर सूर्याच्या वर्णपटात काळ्या रेषा आहेत, म्हणजे तिथला उजेड फार कमी असतो. बुध सूर्याच्या जवळ किंवा दूर सरकत असताना डॉप्लर परिणामामुळे (गतीमुळे तरंगलांबी बदललेली भासते, त्यामुळे) अणूंना त्या रेषेच्या कडेचा उजेड मिळतो. उपसूर्य आणि अपसूर्य (कक्षेतल्या सूर्याच्या सर्वांत जवळच्या आणि सर्वांत दूरच्या) बिंदूंपाशी हे सरकणे थांबते, अणू काळ्या रेषेच्या तळाशी अडकतात आणि चमक घटते. अणू तेवढेच असले तरीही. तेव्हा नुसत्या चमकेवरून 'सोडियम घटले' असे लिहू नये. 'सोडियमचा प्रकाश मंदावला' असे लिहावे.