चिक्कीचा गूळ वापरूनही तिळाचे लाडू दगडासारखे का होतात?

तुम्ही लिहिलंय की मागच्या संक्रांतीचे लाडू दाताने फुटेनात आणि त्याच्या आदल्या वर्षीचे वळलेच गेले नाहीत, सगळा भुगा झाला. कृती तीच, गूळ तोच. दोन्ही वर्षांचं दुखणं एकच आहे, ते म्हणजे पाक. एका वर्षी तो पुढे गेला, एका वर्षी मागे राहिला.

कृतीत ‘पाच मिनिटं उकळा’ असं लिहिलेलं असेल तर ते खोडून टाका. कढई जाड की पातळ, आच किती, गुळात ओल किती, यावर सगळं ठरतं. घड्याळाला त्यातलं काही कळत नाही. गूळ उकळतो तसं त्यातलं पाणी उडतं आणि पाकाचं तापमान चढत जातं. साधारण 115 अंशांना पाकाची मऊ गोळी होते, 150 च्या आसपास तो काचेसारखा कट्‌कन मोडतो. ते दुसरं टोक चिक्कीचं. पातळ लाटलेल्या चिक्कीला ते शोभतं, पण तोच पाक लिंबाएवढ्या लाडवात गेला की दगड होतो.

आमची आजी शेगडीशेजारी गार पाण्याची वाटी ठेवायची आणि तिच्यावरच सगळी भिस्त. गूळ विरघळून बारीक फेस आला की थेंब पाण्यात टाकायचा. पसरला तर पाक कच्चा. बोटांनी गोळा करून गोळी वळली, दाबल्यावर चपटी झाली, की लाडवाचा पाक झाला. गोळी वाटीच्या कडेवर आपटून टणटण वाजली तर कुरकुरीत लाडू होतील, तेही पुष्कळांना आवडतात. त्याच्या पुढे मात्र जाऊ नका. आणि थेंब पाण्यात टाकण्याआधी गॅस बंद करा, हे मी अगदी कळकळीने सांगते. तुम्ही गोळी चाचपत असता तेवढ्या वेळात कढईतला पाक पुढे निघून जातो. माझे स्वतःचे दोन घाणे असेच कडक झाले होते, तेव्हापासून ही सवय लावून घेतली.

पाव किलो तिळाला मी पाव किलो चिक्कीचा गूळ घेते, अर्धी वाटी शेंगदाण्याचं भरड कूट, तेवढंच भाजून चुरलेलं सुकं खोबरं, मूठभर डाळं, वेलची आणि जायफळ. गुळाआधी कढईत चमचाभर तूप. साधा गूळ पाकाला घेऊ नका; तो चिक्कीच्या गुळासारखा चिकट धरत नाही. पाक झाल्यावर चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर तो फुगतो आणि लाडू जरा हलका होतो. मी घालते, सासूबाईंना पटत नाही.

तिळाकडेही लक्ष द्या. पॉलिशचे पांढरे तीळ दिसायला छान, पण चव गावरान तिळाला. मंद आचेवर, सतत हलवत, तडतडून खमंग वास येईपर्यंत भाजायचे. दोन बोटांत चिरडून पाहिला की सहज चिरडला पाहिजे. लगेच ताटात काढा. गरम कढईत ठेवलेले तीळ भाजतच राहतात आणि कडू होतात, आणि तो कडवटपणा कितीही गूळ घातला तरी जात नाही.

वळण्याचं म्हणाल तर घाई हवी. पाकात सगळं एकदम घालून ढवळा, कढई उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवा म्हणजे मिश्रण लवकर आळत नाही. हाताला पाणी लावून आधी नुसते मुटके करून ताटात टाकत जा, गोल दिसायला पाहिजेत असं नाही. दहा-बारा झाले की, ते कोमट आहेत तोवर, पुन्हा हातात घेऊन गोल करा. घरात कोणी असेल तर बसवाच सोबतीला; एकट्याने अर्धा किलोच्या वर घाणा घालूच नये. मिश्रण आळलंच तर मंद आचेवर पुन्हा गरम करा, सैल होतं.

यंदाही कडक झालेच तर टाकू नका. खलबत्त्यात कुटून भरड करा, त्यात किसलेला साधा गूळ आणि चमचाभर कोमट तूप मिसळून पुन्हा वळा.

घरात दात नसलेलं माणूस असेल तर त्यांच्यासाठी पाकाच्या वाटेलाच जाऊ नका. भाजलेले तीळ आणि दाणे गार झाल्यावर मिक्सरमध्ये थांबत थांबत भरड फिरवा, सलग फिरवलं तर तेल सुटतं. साधा मऊ गूळ किसून घाला, तिळाच्या पाऊणपट, वेलची घाला आणि पुन्हा एकदा फिरवा. तिळाच्या तेलावरच लाडू वळला जातो. आमच्याकडे आजोबांसाठी असे पंधरा-वीस लाडू वेगळ्या डब्यात असायचे, आणि रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका पाकाचे सोडून तेच मागायच्या.