टाच दुखतेय, पण घाट सोडवत नाही

पावसाळा आला की सातारा-सांगलीकडं पळणारे वाढतात, हवा छान असते आणि सप्टेंबरातली हिल हाफ, म्हणजे साताऱ्याच्या घाटातली हाफ मॅरेथॉन, डोळ्यासमोर असते, त्यामुळं या महिन्यात आलेले प्रश्न बरेचसे पायाचेच आहेत. त्यातले चार निवडलेत. पहिल्याचं उत्तर मोठं झालंय कारण तसाच त्रास बऱ्याच जणांनी कळवलाय.

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी ४१ वर्षांचा, गोडोलीत राहतो, शाळेत शिक्षक आहे. आधी शाहू स्टेडियमवर आठवड्याला २५ किलोमीटर व्हायचं, मागच्या दीड महिन्यापासून ग्रुपबरोबर हिल हाफची तयारी सुरू केली आणि आता मंगळवारी ८ फास्ट, बुधवारी अजिंक्यतारा किल्ला, गुरुवारी ८, शुक्रवारी ६, शनिवारी चार भिंती टेकडीचे चढ आणि रविवारी यवतेश्वर घाटानं वर जाऊन परत १८, असं ५० च्या वर जातंय. तीन आठवडे झाले उजवी टाच दुखतेय, सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टेकवत नाही, मग चालून चालून कमी होतं, पळताना सुरुवातीला दुखतं आणि नंतर जाणवत नाही पण शाळा सुटेपर्यंत परत ठणकायला लागतं. एक्स-रेमध्ये हाड वाढलंय म्हणाले. आई रोज गरम विटेवर रुईचं पान ठेवून शेकायला लावते, रविवारी मी पळायच्या आधी मेडिकलमधली एक गोळी घेतो. रेसला अडीच महिने आहेत. थांबू का चालू ठेवू?

उत्तर : सर, कारण तुम्हीच लिहिलंय, टाचेचं सांगायच्या आधीच लिहिलंय. दीड महिन्यात २५ वरून ५० च्या वर, त्यात आठवड्यात तीन दिवस चढ-उतार आणि एक दिवस फास्ट, म्हणजे पायाला सोपा दिवस असा कुठला उरलाच नाही, सोमवार सोडला तर, आणि सोमवारी तुम्ही दिवसभर वर्गात उभे असणार. टाच त्या आठवड्याची तक्रार करतेय. त्यामुळं पूर्ण थांबायची गरज मला वाटत नाही, पण आहे तसं चालू ठेवलंत तर सप्टेंबरच काय, दिवाळीपर्यंत पण हे जाणार नाही.

पहिल्या पावलाला कळ येणं, चाललं की सैल होणं, बसून उठलं की परत धरणं, हे सगळं प्लान्टर फॅसायटिसकडं बोट दाखवतं. तळव्याखाली टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड पट्टा असतो, रात्री पाय सैल पडलेला असतो तेव्हा तो आखडतो आणि सकाळी उभं राहिलं की एकदम अंगाचं वजन त्याच्यावर येतं. चढावर घोटा जास्त वाकतो, पोटरी ताणली जाते, आणि पोटरीचा ताण टाचेच्या मागच्या जाड शिरेतून थेट तळव्यापर्यंत जातो. आणि यवतेश्वरवरून खाली येताना पेस आपोआप वाढतो, श्वास लागत नाही म्हणून सोपं वाटतं, पण पायावर आदळआपट उतारालाच जास्त असते हे ध्यानात घ्या. हाड वाढल्याची काळजी सोडा, तसलं टोक टाच अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेत पण दिसतं आणि ते काढायची वेळ क्वचितच येते.

आता आठवडा. पुढचे तीन आठवडे घाट, किल्ला, चार भिंती सगळं बंद, फास्ट पण बंद. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार ५-६ किलोमीटर, स्टेडियमवर नाहीतर सपाट रस्त्यावर, शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतकं सावकाश, रविवारी १० ते १२ तसंच सपाट. म्हणजे २५ ते ३०, जे तुमच्या पायाला आधी पचत होतं. दम टिकवायचा असेल तर बुधवारी सायकल चालवा, हृदयाला मेहनत मिळते आणि टाचेवर आदळत नाही. ग्रुपमधले घाटात जातील आणि तुम्ही स्टेडियमवर गोल फिराल, ते जिवावर येतं, मला माहितेय, पण तीन आठवडेच.

दुखण्याचं मोजमाप असं ठेवा. शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे सहनच होत नाही, तर पळताना दोन-तीनपर्यंत दुखलं तर चालेल, पण खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना लागतो. कालच्यापेक्षा पहिलं पाऊल जास्त दुखलं तर कालचं पळणं जास्त झालं, पुढचं कमी करा. तेवढंच किंवा कमी दुखलं तर बरोबर चाललंय. लंगडत पळायचं मात्र अजिबात नाही, त्यानं दुसऱ्या पायाचा गुडघा नाहीतर कंबर धरते आणि मग दोन दुखणी सांभाळत बसा.

व्यायामात सगळ्यात कामाचा एकच सांगते, पण नेमानं करा. जिन्याच्या पायरीवर उभं राहा, टाचा बाहेर अधांतरी, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा म्हणजे बोटं वर वाकलेली राहतील, मग टाच तीन सेकंदात वर, दोन सेकंद थांबून तीन सेकंदात खाली. १२ वेळा, असे तीन सेट, एक दिवसाआड. सुरुवातीला दोन्ही पायांवर, जमायला लागलं की एका पायावर, आणि सोपं वाटायला लागलं की पाठीवर सॅकमध्ये पुस्तकं भरून. करताना थोडं दुखेल, तोच दोन-तीनचा नियम. नुसतं स्ट्रेचिंग करून लोक थकतात आणि सोडून देतात, तळव्याला आणि पोटरीला ताकद आली पाहिजे. स्ट्रेचिंग सकाळी अंथरुणातच करा, पाय मांडीवर घ्या, हातानं बोटं नडगीकडं ओढा, दहा सेकंद धरा, दहा वेळा, आणि मगच खाली पाय ठेवा.

घरातली एक गोष्ट लोक विसरतात. आपण घरात अनवाणी असतो आणि शहाबादी नाहीतर टाइलची फरशी कडक असते, सकाळचं पाणी, चहा, पूजा, सगळं त्याच फरशीवर. मऊ सोलच्या स्लिपर फक्त घरात वापरायला आणा आणि पलंगाशेजारी ठेवा. शाळेत पातळ चप्पल घालत असाल तर ती बंद, शूज घाला आणि अधूनमधून खुर्चीत बसून शिकवा. दिवसभराचं उभं राहणं, सहलीबरोबर सज्जनगड चढणं, हे पण पायाच्या आठवड्यातच धरायचं, पळण्याच्या ॲपमध्ये दिसत नसलं तरी.

आईंच्या शेकानं बरं वाटत असेल तर शेका, पण वीट चटका बसण्याइतकी गरम नको आणि रुईचा चीक कातडीला, डोळ्याला लागू देऊ नका, त्याचा त्रास होतो. संध्याकाळी ठणकलं तर पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून ती तळव्याखाली दहा मिनिटं फिरवली तरी बरं वाटतं. पळायच्या आधीची गोळी मात्र आजपासून बंद करा. एक तर दुखणं झाकतं आणि तुम्हाला कळतच नाही कुठं थांबायचं, आणि दुसरं, घाम जाऊन अंगातलं पाणी कमी झालेलं असताना असल्या गोळ्या किडनीला त्रास देतात, पोटाला तर देतातच. टाचेत इंजेक्शन घ्या असं कुणी सांगेल, त्यानं थोडे दिवस आराम पडतो पण तो पट्टा कमजोर होऊन फाटायचा धोका असतो, म्हणून आधी हे बाकीचं पुरतं करून बघा.

सलग आठवडाभर सकाळचं दुखणं एक-दोनच्या आत राहिलं की आठवड्यात एकच चढ परत आणा, अर्धा यवतेश्वर वर पळत आणि खाली चालत. उतारावर पळणं सगळ्यात शेवटी, छोटी छोटी पावलं टाकत. फास्ट आणि चढ एकाच आठवड्यात एकदम परत आणू नका. आणि रेसचं सरळ सांगते, तीन आठवडे आधीपर्यंत १५-१६ चा एक रन घाटात वर-खाली करून दुसऱ्या दिवशी टाच शांत राहिली तर बिनधास्त पळा, नाही राहिली तर यंदा रस्त्याकडेला उभं राहून टाळ्या वाजवा. ही रेस २०१२ पासून चाललीय, घाट तिथंच आहे.

टाच दोन्ही बाजूंनी बोटांनी दाबल्यावर दुखत असेल, झोपेत पण ठणकत असेल, सूज असेल, मुंग्या-बधिरपणा असेल, किंवा दोन्ही टाचा धरल्यात आणि सकाळी पाठ अर्धा-एक तास आखडलेली राहते असं असेल, तर हे वरचं काही न करता ऑर्थोपेडिककडं जा. शुगर असलेल्यांनी पायाच्या कुठल्याच तक्रारीला घरी वेळ घालवू नये.

प्रश्न : मी विश्रामबाग, सांगलीहून. वय ३६, आठवड्यातून चार दिवस हरिपूर रोडला पळते, १० के ची तयारी आहे. नवीन शूज घेतल्यापासून दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला दुखतंय, बोटं वर उचलली की जास्त. शूज परत करू का?

उत्तर : ताई, शूज परत करायच्या आधी लेस सैल करून बघा. नवीन शूज सटकू नयेत म्हणून आपण करकचून बांधतो, आणि बोटं वर उचलणाऱ्या शिरा पावलाच्या वरून अगदी कातडीखालून जातात, त्यांच्यावर गाठ दाबली गेली की नेमकं असंच दुखतं. दुखतं त्या जागेवर लेसची फुली येऊ देऊ नका, तिथली भोकं सोडून लेस बाजूनंच सरळ वर न्या. टाच सटकत असेल तर सगळ्यात वरच्या जादाच्या भोकाचा वापर करा, ते त्यासाठीच असतं. दोन-तीन दिवस सुट्टी घ्या आणि मग बघा. दोन्ही पायांना सारखं आणि नवीन शूजपासूनच, यावरून मला तरी लेसच वाटतेय. आठ-दहा दिवसांत फरक पडला नाही, किंवा एकाच पायाला हाडावर बोट ठेवून दाखवता येईल असं दुखायला लागलं, तर खालचं उत्तर वाचा.

प्रश्न : मॅडम, मी दहिवडीची, वय २०, पोलीस भरतीची तयारी करतेय. आमच्या माणमधल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) फायनलला पळाल्या तेव्हा मी शाळेत होते, तेव्हापासून पळायचंच डोक्यात आहे. अकॅडमीत सकाळी ६-७ किलोमीटर आणि संध्याकाळी ८०० चे राउंड, सगळं डांबरी रस्त्यावर, सुट्टी नाही. १५ दिवस झाले डाव्या चवड्याच्या मागं एका जागी दुखतंय, आता चालताना पण. एक्स-रे नॉर्मल आला म्हणून सर म्हणतात पळ, सवय होईल. वजन कमी केलं की टायमिंग सुधारतं म्हणून जेवण कमी केलंय. पाळी चार महिने आली नाही, पण मैत्रिणी म्हणतात जास्त पळणाऱ्यांचं तसंच असतं.

उत्तर : तू आजपासून पळणं थांबव. उद्यापासून नाही, आज. वरच्या सरांना मी पळत राहा म्हणाले आणि तुला थांब म्हणतेय कारण दुखणं वेगळं आहे. त्यांचं चाललं की कमी होतं, तुझं चाललं की वाढतंय, आणि ते हाडावर एका बोटाएवढ्या जागी आहे. हाडाला केसासारखी बारीक चीर गेली असण्याची दाट शक्यता आहे, त्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात, आणि ते पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेवर बऱ्याचदा दिसतच नाही. म्हणून नॉर्मल एक्स-रेवर विसंबू नकोस, सातारला ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखव आणि एमआरआय लागेल का ते विचार. वेळेत थांबलं तर हे साधारण सहा ते आठ आठवड्यांत भरून येतं. तसंच रेटलं तर चीर आरपार जाते आणि मग भरतीचं अख्खं वर्ष जातं.

आणि पाळीचं मला पायापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. खूप पळणाऱ्या मुलींची पाळी जाणं नॉर्मल नाहीये. अंगाला लागेल तेवढं खाणं मिळत नाही तेव्हा शरीर आधी पाळी बंद करतं, त्याबरोबर हाडं सांभाळणारे हार्मोन कमी होतात आणि हाडं ठिसूळ व्हायला लागतात. वीस वर्षांचं वय हाडं भरायचं असतं. स्त्रीरोगतज्ज्ञांना भेट, आईला बरोबर ने, हिमोग्लोबिन आणि व्हिटॅमिन डी तपासून घे. जेवण आजपासून पोटभर, भाकरी, डाळ, शेंगदाणे, दूध, नाचणी, अंडं चालत असेल तर अंडं, आणि पळून आलं की अर्ध्या-एक तासात काहीतरी खायचंच, नुसता चहा नको. वजन उतरवून पळणारीचं टायमिंग थोडे दिवस सुधारतं आणि मग अंगच साथ सोडतं, हे मी फार मुलींचं बघितलंय आणि दर वेळी जीव तुटतो.

डॉक्टरांनी परवानगी दिली की मधल्या काळात सायकल, पोहणं, गोळाफेकीसाठी हाताची आणि कंबरेची ताकद, हे सगळं करता येईल, भरतीत गोळ्याला पण मार्क आहेत ना. परत सुरू करशील तेव्हा मातीच्या ग्राउंडवर, दिवसातून एकदाच, आणि आठवड्यात दोन दिवस पूर्ण सुट्टी. सरांना हे उत्तर वाचायला दे.

प्रश्न : कराडहून. घाटात लाँग रन झाला की अंगठ्याचं नख काळं पडतं. काय करावं?

उत्तर : उतारावर पाय पुढं सरकतो आणि नख शूजवर आपटतं. नखं सरळ कापा, शूज घ्यायला संध्याकाळी जा कारण तोपर्यंत पाय थोडा सुजलेला असतो, आणि उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटापुढं अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. पावसात सुती सॉक्स भिजून घासतात, सिंथेटिक घ्या. काळं नख स्वतः उपटू नका, खालून नवीन आलं की ते आपोआप निघतं. खाली रक्त साकळून फार ठणकत असेल तर डॉक्टरांकडून मोकळं करून घ्या, घरी सुई घालू नका.