पहिल्यासारखं नाही झालं तरी चालेल

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. धंदा बुडाला, कर्ज डोक्यावर राहिलं आणि ज्याच्या भरवशावर उडी घेतलीस तो भागीदार आता फोनही उचलत नाही. वर्षभरात एवढं सगळं अंगावर आलं, आणि शेवटी तू एकच प्रश्न विचारलास, की सर, मी पहिल्यासारखा कधी होणार?

खरं सांगतो, पहिल्यासारखा तू होणार नाहीस. हे वाचून पत्र मिटू नकोस, पुढे वाच. जो मुलगा डोळे झाकून सह्या करत होता, हिशोब दुसऱ्यावर सोडून देत होता आणि थकला तरी कुणाला सांगत नव्हता, त्याला परत आणून काय करायचंय? खचलेली बरीच मुलं माझ्याकडे येऊन गेली. त्यांतली सगळ्यात जास्त रखडली ती जुनं आयुष्य जसंच्या तसं परत मागणारी. तेच काम हवं, तीच पत हवी, त्याच लोकांत तोच मान हवा, आणि ते मिळेपर्यंत बाकीचं सगळं थांबवून ठेवायचं. असं थांबण्यात वर्षं निघून जातात.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला फार खटकलं. "जरा मन थाऱ्यावर आलं की कामाला लागेन." तू हे सहज लिहिलंस, पण तुझी गाडी अडली आहे ती इथेच. यात क्रम उलटा झालाय. पीटर लेविन्सन नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात नैराश्याबद्दल जे मांडलं ते साध्या भाषेत असं आहे. माणूस खचला की घराबाहेर पडणं, भेटीगाठी, हातातली कामं कमी करतो. त्यामुळे ज्यातून थोडंफार बरं वाटावं असे प्रसंगच त्याच्या दिवसातून नाहीसे होतात. प्रसंग नाहीसे झाले की तो आणखी खचतो, आणि आणखी आत जाऊन बसतो. हे चक्र तोडायचं तर मनाकडून सुरुवात करून भागत नाही, कारण मन नेमकं तेव्हाच साथ देत नसतं. म्हणून वागण्याकडून सुरुवात करायची. ठरल्या वेळी ठरलेलं छोटं काम करायचं, इच्छा असो वा नसो. या विचारातून पुढे बिहेवियरल ॲक्टिव्हेशन ही उपचारपद्धत उभी राहिली आणि आज नैराश्यावरच्या मान्य उपचारांत ती मोडते.

छोटं म्हणजे किती छोटं, ते तुझ्यापुरतं सांगतो. सकाळी एकाच वेळी उठायचं, अंघोळ करायची, कपडे बदलायचे आणि अर्धा तास बाहेर चालून यायचं. दिवसात एका माणसाला फोन करायचा, कामासाठीच असं नाही. आणि या आठवड्यात कधीतरी टेबलाशी बसून सगळी देणी एका कागदावर उतरवायची. कुणाचे, किती, व्याज काय, पुढचा हप्ता कधी. एकूण आकडा किती हे बघायची हिंमतच होत नाही असं तू लिहितोस. ते मला समजतं. पण न बघितलेला आकडा रात्री अंथरुणात वाढत जातो आणि लिहिलेला आकडा असतो तेवढाच राहतो. कागद झाला की हप्ता चुकायच्या आधी, चुकल्यावर नव्हे, ज्यांचे पैसे द्यायचेत त्यांना स्वतःहून गाठ आणि मुदत मागून बघ. सगळे ऐकतील असं नाही. काही जण ऐकतात.

आता एका माणसाबद्दल सांगतो. आपल्या वर्कशॉपमध्ये माल तपासायला येणारे ते उंच इन्स्पेक्टर तुला आठवत असतील, कायम खिशात उजवा हात घालून उभे असायचे. तुम्हा मुलांना ती त्यांची ऐट वाटायची. ते मुळात लेथवरचे कारागीर. वयाच्या ४६ व्या वर्षी प्रेसमध्ये हात सापडला आणि उजव्या हाताची तीन बोटं गेली. जखम भरली, पण ते कारखान्याच्या गेटपर्यंत जायचे आणि तिथूनच परत फिरायचे. आयुष्यभर जे हातानं केलं तेच गेलं, तर आता मी कोण, हा त्यांचा प्रश्न होता. तुझाही तोच आहे, फक्त तू तो वेगळ्या शब्दांत विचारलास.

त्यांच्या मुलीने त्यांना शाळेची दुरेघी वही आणून दिली. रोज डाव्या हाताने एक पान लिहायचं, एवढंच ठरलं. लिहायचं काय? त्यांना जे पाठ होतं तेच. कुठल्या धातूला किती वेग, कुठलं टूल कधी बदलायचं, जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचा तुकडा, गरम असताना घेतलेलं माप कसं फसवतं. ती वही मी हातात घेऊन बघितली आहे. सुरुवातीच्या पानांवर एका ओळीत कसेबसे चार शब्द बसलेत, वेलांट्या वरच्या ओळीत घुसल्यात, पेन्सिल दाबून दाबून एके ठिकाणी कागद फाटलाय. पुढे अक्षर लहान होत जातं, ओळीत येतं. पण मला त्याहून नवल वाटलं ते मजकुराचं. पहिल्या पानांवर नुसते सुटे शब्द आहेत, नंतर वाक्यं येतात, आणि अर्ध्या वहीनंतर तर ते चक्क शिकवायला लागलेत. "नवीन पोराने इथे घाई करू नये." असली वाक्यं आहेत त्यात.

पुढे त्यांना तपासणी विभागात घेतलं ते त्या वहीमुळेच. तिथेही सोपं नव्हतं. व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, उजव्या हातात धरायच्या बेताने बनवलेलं असतं, डाव्या हातात धरलं की आकडे उलटे दिसतात. ते उलटे आकडे वाचायला शिकले. आणि जॉब हातात घेतला की माप घ्यायच्या आधीच चूक कुठे असेल हे त्यांना कळायचं, कारण ती चूक मशीनसमोर उभं राहून त्यांनी कित्येकदा होता होता टाळलेली होती. तीन बोटांबरोबर हे ज्ञान गेलं नव्हतं. गेटवरून परत फिरत होते तेव्हा त्यांना ते दिसत नव्हतं, इतकंच.

म्हणून "शून्यातून सुरुवात" हा शब्दप्रयोग तू टाकून दे. तू शून्यावर नाहीस. गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं, कच्चा माल कुठे अडतो, उधारी किती दिवस चालते, कुठल्या कागदावर सही करायच्या आधी वकिलाला दाखवायचं, हे सगळं तुला आज येतं आणि दोन वर्षांपूर्वी येत नव्हतं. त्यासाठी तू जबर किंमत मोजलीस. ते कुणाच्या उपयोगी पडेल हे शोधणं हे आता तुझं काम आहे. नोकरी करावी लागली तर कर, त्यात कमीपणा नाही.

मुरलीकांत पेटकरांचं नाव तू ऐकलं असशील. सैन्यात होते, बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर निकामी झालं. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं. लोक ही गोष्ट सांगताना गोळीवरून थेट पदकावर येतात. मला मधली सात वर्षं महत्त्वाची वाटतात. बॉक्सिंग संपलं हे पचवायचं, पाण्यात शरीर नव्याने ओळखायचं. १९६८ च्या पॅरालिम्पिकमध्ये तर ते टेबल टेनिस खेळले होते. म्हणजे पोहण्यात नाव होण्याआधी त्यांनी दुसरं काही करून बघितलं होतं. तुझाही पहिला प्रयत्न हाच शेवटचा ठरेल असं समजू नकोस.

आणि वयाचं म्हणशील, तर २९ व्या वर्षी "आता उशीर झाला" असं लिहिणाऱ्याला मी काय सांगू? हवाईतल्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या दोन मानसशास्त्रज्ञांनी चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. त्यातली बरीच मुलं गरिबीत, भांडणाऱ्या किंवा आजारी आईवडिलांच्या घरात वाढली होती. अशा सगळ्यात बिकट अवस्थेतल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं धडधाकट, कर्तबगार माणसं झाली. हा भाग बहुतेकांना माहीत असतो. मला जास्त धीर देणारा भाग पुढचा आहे. किशोरवयात जी मुलं पार भरकटली होती, त्यांतलीही बहुतेक तिशी-चाळिशीपर्यंत सावरली. कुणी परत शिकायला गेलं, कुणी सैन्यात जाऊन हुन्नर शिकलं, कुणाला खंबीर जोडीदार मिळाला, कुणी मोठ्या आजारातून उठल्यावर बदललं. सावरायला काही एकच वय नसतं. या अभ्यासात आणखी एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. जी मुलं तगली त्यांच्या आयुष्यात निदान एक तरी भरवशाचं मोठं माणूस होतं. आईवडीलच असं नाही. आजी असेल, शेजारी असेल, शिक्षक असेल. तुझं ते एक माणूस कोण हे ठरव आणि त्याच्यापासून काही लपवू नकोस.

एकवीस दिवसांत आयुष्य बदला, असं सांगणारे तुला भेटतीलच. फिलिपा लॅली या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये हे प्रत्यक्ष मोजलं. नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण माणसागणिक १८ पासून २५४ पर्यंत एवढा फरक निघाला. मधे एखादा दिवस चुकला तर त्याने विशेष बिघडत नाही असंही दिसलं. तेव्हा एक दिवस अंथरुणातच गेला तर स्वतःला शिव्या देऊ नकोस. दुसऱ्या दिवशी चालायला जा.

आणि कुणी "जे होतं ते चांगल्यासाठीच होतं" म्हणालं तर मान डोलावून सोडून दे. तुझा धंदा बुडाला हे चांगलं झालं नाही. संकटानंतर माणसं बदलतात, काहींना जगण्याचं मोल नव्याने कळतं, नाती घट्ट होतात, हे खरं आहे. रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून या मानसशास्त्रज्ञांनी ते १९९० च्या दशकात नीट मांडलं. पण त्यांचंही म्हणणं असं, की ही वाढ संकटातून आपोआप होत नाही, त्याच्याशी झगडताना होते, आणि तेव्हाही दुःख शिल्लक असतंच. तुला वाईट वाटतंय ते वाटू दे. वाईट वाटत असतानाही काम होतं.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळपास रोज मन काळवंडलेलं राहिलं, झोप किंवा भूक उडाली, कशातच रस वाटेना, तर डॉक्टरकडे जा. आणि जगणं नकोसं झाल्याचा विचार एकदा जरी मनात आला, तरी दोन आठवडे वगैरे बघू नकोस. त्याच क्षणी मला फोन कर, रात्रीचे तीन वाजले असले तरी, आणि आपण दोघं मिळून डॉक्टरकडे जाऊ. ताप आला की आपण जातोच ना, तसंच.

आता रविवारी सकाळी मला फोन कर. देण्यांचा कागद समोर ठेव, अपुरा असला तरी चालेल. कुणाशी आधी बोलायचं ते आपण ठरवू. आणि भागीदाराबद्दल तू जे लिहिलंस त्यातल्या कायदेशीर बाजूसाठी माझ्या ओळखीतल्या वकिलांशी मी बोलून ठेवलंय. तू मूळ करारपत्र तेवढं शोधून ठेव.

तुझा,
सर