लासोच्या ‘लाग्रिमे दि सान पिएत्रो’च्या शेवटी पेत्राला क्षमा का मिळत नाही?

तुमचं म्हणणं असं की सोळाव्या शतकातला संगीतकार लासो याच्या ‘संत पेत्राचे अश्रू’ या गायनरचनेत तासभर येशूचा शिष्य पेत्र याचा पश्चात्ताप ऐकल्यावर शेवटी सुटकेचा सूर लागायला हवा होता. उलट येशूच्या तोंडी तक्रारच येते. मी कॉयरमध्ये (गायकवृंदात) टेनर, म्हणजे पुरुषांचा वरचा आवाज, गातो, यातले काही भाग गायलोही आहे. मला हा शेवट अगदी योग्य वाटतो.

येशूला अटक झाली त्या रात्री पेत्राने ‘मी याला ओळखत नाही’ म्हणत त्याला तीनदा नाकारलं आणि कोंबडा आरवला. हे बायबलमधल्या चारही शुभवर्तमानांत (येशूच्या चरित्रांत) आहे. पण त्या क्षणी प्रभूने वळून पेत्राकडे पाहिलं, हे त्या चौघा लेखकांपैकी एकटा लूक सांगतो. लुईजी तान्सिल्लोच्या इटालियन काव्यातली जी 20 कडवी लासोने निवडली, त्यांतली पहिली बरीचशी या नजरेभोवतीच फिरतात. दुसऱ्या कडव्यात प्रभूचे डोळे धनुष्य होतात आणि बाण पेत्राच्या छातीत रुततात. सातव्यात तेच डोळे जिभेसारखे बोलू लागतात. दहावं माझं सगळ्यात आवडतं: हिवाळाभर दरीत गोठून राहिलेलं बर्फ वसंतातल्या उन्हाने वितळावं, तशी पेत्राच्या काळजातली भीती त्या नजरेने वितळते आणि डोळ्यांतून वाहू लागते. पंधराव्यापर्यंत तो आयुष्यालाच ‘जा, निघून जा’ म्हणतो.

एकाच वेळी गायचे सात वेगवेगळे आवाज असूनही लासो शब्द फारसे घोळवत नाही. एकेक कडवं दोन-तीन मिनिटांत संपतं, कधी वरचे आवाज बोलतात, कधी खालचे, आणि प्रत्येक ओळ स्पष्ट कळते.

आता शेवट. वीस कडव्यांनंतरची एकविसावी रचना लॅटिन मोटेट (अनेक आवाजांचं धार्मिक गीत) आहे: ‘हे माणसा, मी तुझ्यासाठी काय सोसतो आहे ते पाहा.’ बाहेरच्या वेदनेपेक्षा तुझ्या कृतघ्नपणाची आतली वेदना मोठी, असं ख्रिस्त म्हणतो. आधी डोळे जे बोलले ते पेत्राला भासलेलं होतं. इथे पहिल्यांदा तो स्वतः बोलतो. आणि तो पेत्राचं नावही घेत नाही. हाक ‘माणसा’ला आहे, म्हणजे ऐकणाऱ्याला आणि आम्हा गाणाऱ्यांनाही. भाषा बदलते, कवी बदलतो (हे शब्द तान्सिल्लोच्या कितीतरी आधीचे, मध्ययुगातले), आणि पेत्रावर खिळलेली नजर आपल्याकडे वळते. इथे क्षमेचं कडवं जोडलं असतं तर आपण पेत्रासाठी हळहळून मोकळे झालो असतो.

शिवाय पेत्राला क्षमा मिळाली हे त्या काळच्या प्रत्येक कॅथलिकाला ठाऊकच होतं. लासोने ही रचना अर्पण केली ती पोप आठव्या क्लेमेंटला, म्हणजे पहिला पोप मानल्या जाणाऱ्या पेत्राच्याच गादीवर बसलेल्या माणसाला. या उतारवयात वैयक्तिक भक्तीपोटी हे केलं, असं तो अर्पणपत्रिकेत लिहितो. तारीख 24 मे 1594. 14 जूनला तो म्युनिकमध्ये वारला. छापील प्रत दुसऱ्या वर्षी निघाली.

आणखी एक: ही मिस्साविधीत (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) गाण्यासाठी केलेली रचना नाही, धार्मिक मॅड्रिगलं, म्हणजे अनेक आवाजांत बांधलेल्या इटालियन कविता आहेत. म्हणून घरी, शब्दांचा अर्थ समोर ठेवून ऐका. सुरुवात करायला संगीत-संचालक फिलिप हेरेवेघे यांचं ध्वनिमुद्रण चांगलं. विसावं संपल्यावर मात्र थांबू नका, लगेच एकविसावं ऐका.